पोटातलं तापमान

बोरस्तेसाहेबांना लग्नाला बोलावताना लोक जरा बिचकायचे. माणूस आहेर चोख करायचा, पंगतीत वाढायलाही उभा राहायचा. पण शर्टाच्या खिशात पेनाशेजारी लांब सुईचा एक थर्मामीटर असायचा आणि तो कधी बाहेर निघेल याचा नेम नव्हता. एकदा आमच्याच एका बागायतदाराच्या मुलीच्या लग्नात आचारी छातीठोकपणे म्हणाला, श्रीखंड एकदम गार आहे. साहेबांनी शांतपणे पातेल्याच्या मध्यावर सुई खुपसली, आकडा वाचला आणि म्हणाले, "कडेचं गार आहे. पोटातलं कोमट आहे. हे वाढू नका." वधूची आई भडकली आणि श्रीखंड वाढलं गेलं. साहेबांनी आणि मी तेवढं टाळलं. बाकीच्यांचं पुढे काय झालं ते इथे लिहिण्यासारखं नाही.

मी त्यांच्या पिंपळगाव बसवंतच्या पॅकहाउसमध्ये क्वालिटीला होते. नाशिकहून रोज एसटीने जायचे. नव्वदीची सुरुवात होती, आमच्याकडची द्राक्षं नुकती परदेशी जायला लागली होती आणि जो तो दुसऱ्यावर संशय घेत होता. शेतकरी व्यापाऱ्यावर, व्यापारी शेतकऱ्यावर आणि परदेशातलं गिऱ्हाईक आम्हा सगळ्यांवर. साहेब शीतगृहाचे इंजिनिअर. ते मात्र कुणाला झुकतं माप देत नसत, संशय सगळ्यांवर सारखाच. ऑपरेटर दारावरचा आकडा दाखवून म्हणायचा, "झालं की साहेब गार." साहेब म्हणायचे, "ही हवा झाली. हवेशी माझं काय नातं? मण्याला विचार." मग मधल्या क्रेटमधल्या घडाच्या मण्यात सुई जायची आणि बहुतेक वेळा खोली परत बंद व्हायची.

याचं कारण द्राक्षाच्या धंद्यातल्या कुणालाही माहीत असतं. गार माल उबदार हवेत उघडा पडला की मण्यांना घाम येतो आणि घामेजलेला घड पोचेपर्यंत सडतो. म्हणून गार पेटी बाहेर काढली तरी आतला माल हवेशी जुळेपर्यंत लायनरची, म्हणजे पेटीच्या आतली प्लास्टिकची, पिशवी उघडायची नाही. पेटीला बाहेरून हात लावून "आता चालेल" म्हणणाऱ्या माणसाला साहेब त्या दिवशी पुन्हा पेटीजवळ येऊ द्यायचे नाहीत.

हा एवढा संशयी माणूस स्वतः मात्र दर वर्षी दिवाळी झाली की गायब व्हायचा आणि हंगाम तोंडावर आला की काळा पडून परतायचा. कुठे होता विचारलं तर "उत्तरेला" एवढंच. पिंपळगावात बोललं जायचं की साहेबांचा दुसरा संसार आहे. मलाही ते खरं वाटायला फारशी अडचण आली नाही. शेवटी मी सरळ सुमनवहिनींना, म्हणजे त्यांच्या पत्नीला, विचारलं. त्या हसल्या आणि मला आतल्या खोलीत घेऊन गेल्या. कपाटात इस्त्री केलेला गणवेश होता. साहेब प्रादेशिक सेनेत अधिकारी होते: एरवी आपला कामधंदा करायचा आणि वर्षातले काही आठवडे सैन्यात जायचं. तरुणपणी सैन्यात निवड झाली नव्हती, ते दुःख त्यांनी असं भरून काढलं होतं. "माझ्या पैठणीला एवढी इस्त्री झाली नसेल," वहिनी म्हणाल्या. त्या गणवेशावर माणसाचा जीव होता.

एका वर्षी ते परतले ते वेगळेच होऊन. गाडीतून उतरले आणि माझ्या टेबलासमोर बसून म्हणाले, "आहेरबाई, तिकडे दुर्बिणींना घाम येतोय." चौकीवरची अंधारात बघायची महागडी दुर्बीण ऐन वेळी आतून धुरकट व्हायची. वरचे म्हणत, बनवणाऱ्यांनी माल खराब दिला. बनवणारे म्हणत, जवान नीट वापरत नाहीत. आणि जवान बिचारे तिला लेकरासारखं जपायचे: पहारा संपला की बर्फातून आत आणायचे, पुसायचे, शेगडीजवळ ठेवायचे. "जेवढी माया जास्त, तेवढा घाम जास्त," साहेब म्हणाले. "मी माझ्या ट्रंकेत आपल्या लायनरच्या पिशव्या नेल्या होत्या. पोरांना म्हटलं, बाहेर थंडीतच पिशवीत घाला, तोंड बांधा, मग आत आणा. आतली दुर्बीण ऊन झाल्याशिवाय उघडू नका. धुकं गेलं."

"मग झालं की काम," मी म्हटलं.

"काय झालं? हे जुगाड झालं. पोरं बदलली की विसरतील. नीट पेटी पाहिजे. बाहेर आकडा दिसणारी आणि सुई आत, दुर्बिणीच्या अंगाला टेकलेली."

पेटी त्यांनी त्याच हंगामात करून घेतली. इथे साहेबांची चूक झाली, आणि आमच्या नाशकात कुणीही केली असती अशीच. काम अडलं की आपण आधी नात्यातला कारखाना आठवतो. त्यांच्या मेहुण्याची अंबडला प्लास्टिकची फॅक्टरी होती. नमुना तिथे झाला आणि साहेबांच्या शिफारशीसह वर गेला.

पुढच्या पावसाळ्यात साध्या कपड्यातला एक माणूस पॅकहाउसवर आला. द्राक्षांबद्दल विचारलं, पण पावसाळ्यात द्राक्षं नसतात हे त्याला माहीत नव्हतं. हा चौकशीचा माणूस, हे मी तिथेच ओळखलं. मग तो म्हणाला, "बोरस्ते ह्या पेट्या किती जणांना विकतात?"

"कुणालाच नाही."

"मेहुण्याचं प्लास्टिकचं काम बोरस्त्यांच्या लग्नाआधीपासून आहे का नंतर सुरू झालं?"

"ते त्यांच्या बायकोला विचारा," मी म्हटलं आणि त्याला चहासुद्धा दिला नाही.

संध्याकाळी मी तणतणत हे सांगितलं, तर साहेब उलट खूश. "बरोबर विचारलं त्याने. गणवेशातला माणूस मेहुण्याची पेटी पुढे करतो म्हटल्यावर मीसुद्धा हेच विचारलं असतं. आता ते पेटी तपासतील."

पेटी कुणी तपासली नाही. ती बाजूला ठेवली आणि साहेबांची चौकशी तेवढी चालू राहिली. एक हिवाळा गेला, दुसरा गेला. त्या दोन वर्षांत मी त्यांना पहिल्यांदा चिडलेलं पाहिलं. "संशय घ्या ना," ते म्हणायचे, "जरूर घ्या. पण मग सुई टोचा. नुसता संशय घेऊन बसायचं हा आळस आहे. आपलं द्राक्ष एवढं थांबलं असतं का?"

शेवटी त्यांनी प्रादेशिक सेनेचा राजीनामा दिला. घरात रणकंदन झालं. मेहुण्याला त्यांनी यापुढे ही पेटी कधीच बनवायची नाही असं बजावलं होतं, तो बोलेनासा झाला होता. वहिनी म्हणाल्या, कपडे उतरवले तर लोक म्हणतील की खरंच खाल्लं असणार. साहेबांनी ऐकलं नाही. "मी आत आहे तोवर ती बोरस्तेची पेटी आहे. मी बाहेर पडलो की ती नुसती पेटी. मग तरी उघडून बघतील." असं म्हणून त्यांनी गणवेशाची घडी केली. मी तेव्हा तिथे होते. फार वेळ लागला त्यांना त्या घडीला.

वरून कधीच काही कळलं नाही. दिवाळी झाली की ते पॅकहाउसच्या ओट्यावर उगाच बसून राहायचे. मला त्या वरच्या लोकांचा फार राग यायचा, अजूनही येतो. काही वर्षांनी, ऐन हंगामात, साहेब छातीच्या दुखण्याने गेले. पंचवटीला अंत्यविधी झाला आणि तिथेही दोन माणसं त्या पेटीबद्दल कुजबुजताना मी ऐकली.

दहाव्यानंतर सटाण्याकडचा एक निवृत्त सुभेदार घरी आला. साहेबांच्या हाताखाली होता म्हणे. वहिनींसमोर बसून म्हणाला, "ताई, साहेबांची ती पिशवी आमच्या चौकीवर अजून चालू हाय. नवीन पोरगं आलं की आधी त्येच शिकवत्यात."

वहिनींचे डोळे भरून आले. माझे नाही. दुःखाच्या घरी येऊन माणसं गोड बोलतात, मला ते ठाऊक आहे. साहेबांच्या पॅकहाउसमध्ये मी उगीच इतकी वर्षं काढली नव्हती. मी विचारलं, "पिशवीत घातली, आत आणली. मग उघडायची कधी?"

सुभेदाराने बोटाएवढं माप दाखवलं.

"बारका थर्मामीटर असतोय आत, दुर्बिणीला बांधलेला. त्यो सांगंल तवा," तो म्हणाला. "वरनं हात लावून नाय उघडायची, बाई. साहेब लय रागवायचे. म्हणायचे, पोटातलं विचार."

मी उठले आणि त्याच्यासाठी चहा टाकला.