बिशपच्या भाषणातला ड्रायव्हर

शांतवन शिरसाठची आणि माझी ओळख नऊ वर्षांची. मी दापोलीचा हमीद. कतारला, दोहात, नजमाच्या एका गल्लीत माझं टायपिंग सेंटर आहे. लोकांचे व्हिसाचे, लायसन्सचे, तक्रारींचे अर्ज मी इंग्रजीत किंवा अरबीत भरून देतो. तो नेवाशाकडचा ख्रिस्ती, मुऐदरच्या एका व्हिलात घरचा ड्रायव्हर. शुक्रवारी चर्चची उपासना आटोपली की तो माझ्याकडे यायचा, शेजारच्या कॅफेटेरियातून दोन चहा मागवायचा आणि तासभर पोटभर मराठी बोलून घ्यायचा.

गावी त्यानं अकरा वर्षं मिशन हॉस्पिटलची ॲम्ब्युलन्स चालवली होती. अडलेल्या बाया, साप चावलेले गडी, भाजलेली पोरं. गाडीत बसलेल्या प्रत्येकाला तो एकच सांगायचा, "घाबरू नका, पोहोचतो आपण." आणि पोहोचवायचा. त्याचा चेहराच असा, की बघणाऱ्याचा जीव भांड्यात पडावा. पुढे जे झालं ते या चेहऱ्यामुळेच झालं, म्हणून आधी सांगितलं.

गेल्या मार्चमधली गोष्ट. जुम्म्याची नमाज उरकून मी शटर वर करायला गेलो, तर तो आधीच पायरीवर उभा. चहाचं नाव नाही. फोन माझ्यापुढे धरून म्हणाला, "हमीदभाई, चर्चच्या मंडळीच्या ग्रुपवर कुणीतरी हे टाकलंय. दोहाचं नाव ऐकू आलं. काय म्हणतात ते नीट सांग."

व्हिडिओ लंडनचा होता. इंग्लंडच्या संसदेत बिशप बसतात हे मला त्या दिवशी कळलं. त्यांच्या वरिष्ठ सभागृहात, हाउस ऑफ लॉर्ड्समध्ये, काही बिशपांना जागा असते आणि ते सरकारला प्रश्न विचारू शकतात. लाल गाद्यांच्या बाकांमध्ये पांढऱ्या झग्यातले एक म्हातारे बिशप उभे होते. विषय होता परदेशी कुटुंबांसोबत लंडनला येणाऱ्या घरकामगारांच्या व्हिसाचा. मी थांबत थांबत सांगत गेलो.

"ते म्हणतात, गेल्या जुलैत दोहाहून सुट्टीला आलेल्या एका कुटुंबाची भारतीय आया आमच्या चर्चमध्ये आसऱ्याला आली. तिचा पासपोर्ट मालकिणीकडे. महिनाभर ती स्वयंपाकघराच्या फरशीवर झोपत होती, एक दिवसही सुट्टी नव्हती. पण तिच्या व्हिसाच्या कागदावर लिहिलंय, आठवड्याला एक सुट्टी, स्वतंत्र खोली. सरकारच्या माणसानं तो कागद वाचला आणि शिक्का मारला. तिला एकटीला बसवून कुणी विचारलं का? आणि मालक सोडला तर तिनं जायचं कुठं, याचं उत्तर सरकारच्या धोरणात आहे का?"

"पुढं?" शांतवन म्हणाला.

"पुढं म्हणतात, दुसऱ्या दिवशी तिला न्यायला एक ड्रायव्हर आला. तिच्याच देशाचा, तिच्याच भाषेचा, गळ्यात क्रूस. आमच्या पाळकांनी त्याला चहा दिला, त्याच्यासोबत प्रार्थना केली आणि तिला त्याच्या हवाली केलं. ही आमच्या चर्चचीही चूक आहे, ती मी या सभागृहात कबूल करतो. आता सरकारनं स्वतःची कबूल करावी."

मंत्र्यांनी उठून उत्तर दिलं, की सरकार या गोष्टीकडे गांभीर्यानं पाहतं, मात्र तूर्त नियम बदलण्याचा प्रस्ताव नाही. बिशप खाली बसले. व्हिडिओ संपला.

मी फोन टेबलावर ठेवला. "आपलाच माणूस निघाला म्हणायचा," मी म्हणालो. "असल्याच्या तोंडाला काळं फासून नजमाभर फिरवला पाहिजे."

"फिरव मग," शांतवन म्हणाला.

मला आधी कळलंच नाही. मग त्याच्या चेहऱ्याकडे बघितलं आणि कळलं.

त्या व्हिलात मुलं सांभाळायला शालू त्रिभुवन होती, जालन्याची. शांतवनच्या बायकोच्या ओळखीतली. घर चांगलं आहे म्हणून त्यानंच शब्द टाकून तिला बोलावलं होतं. ती त्याला दादा म्हणायची. उन्हाळ्यात कुटुंब लंडनला जायचं तेव्हा ड्रायव्हर आणि आया दोघांनाही न्यायचं. त्या जुलैत तिथूनच ती एका सकाळी निघून गेली. दुसऱ्या दिवशी तिनं चर्चमधून फोन केला तो शांतवनला. दादा, माझी पिशवी तेवढी आणून दे, म्हणाली.

"मला कुणी मारलं न्हाई, धमकावलं न्हाई," तो सांगत होता. "तिचा फोन आल्याचं मी सांगितलं, तर साहेब एवढंच म्हणाले, शांतवन, तू आणलेली बाई आहे, जा, घेऊन ये. मी गेलो. ती चर्चच्या बाकावर बसलेली. तिला म्हणालो, मी बोललोय त्यांच्याशी, सगळं ठीक होईल. मी काहीच बोललो नव्हतो, हमीदभाई. तिनं विचारलं, नक्की ना दादा? मी म्हणालो, घाबरू नको, पोहोचतो आपण."

परत आल्यावर शालूचा फोन काढून घेतला गेला. तेव्हापासून आठ महिने ती त्याच्याशी एक अक्षर बोलली नव्हती. रोज दुपारी त्याच्या खोलीच्या खिडकीत जेवणाचं ताट ठेवायची आणि माघारी फिरायची.

माझ्या डोक्यात वेगळंच सुरू झालं होतं. आदल्या वर्षीच्या मे महिन्यात तो स्वतःचा आणि शालूचा असे दोन पासपोर्ट आणि मालकाच्या सह्या असलेले कोरे कागद घेऊन माझ्याकडेच आला होता. आठवड्याला एक सुट्टी, स्वतंत्र खोली. ती वाक्यं माझी होती. सगळ्याच फॉर्मांत मी तीच टाकतो, कारण ती टाकली की अर्ज अडत नाही. आयांना सुट्टी किती मिळते हे नजमात राहणाऱ्या माणसाला वेगळं सांगावं लागत नाही. लंडनचे ते बिशप माझं वाक्य वाचून दाखवत होते, आणि मी मोठ्या तोंडानं दुसऱ्याची धिंड काढायला निघालो होतो.

"बिशपना पत्र लिही," तो म्हणाला. "लिही, तो ड्रायव्हर मी आहे. तिला खोटं बोलून नेलं. खाली माझं पूर्ण नाव घाल."

"नाव नको रे. नोकरी जाईल."

"घाल."

मी टाइप केलं. एक ओळ माझ्या मनानं वाढवली, की तो फॉर्म भरणाऱ्यालाही खरं काय ते माहीत होतं. त्या ओळीखाली मी माझं नाव घातलं नाही. दुकानाचं लायसन्स डोळ्यापुढे आलं. शांतवननं सही केली, कागद वाचला की नाही कोण जाणे.

रविवारी, म्हणजे इथल्या आठवड्याच्या पहिल्या दिवशी, सकाळी मुलांना शाळेत सोडल्यावर गाडीत दोघंच होती. शालू मागच्या सीटवर. त्यानं गाडी कडेला घेतली आणि तिला तो व्हिडिओ दाखवला, मी सांगितलेलं सगळं तिला सांगितलं.

"माझं नाव घेतलं त्यांनी?" आठ महिन्यांनी ती पहिल्यांदा बोलली.

"न्हाई."

"तुझं?"

"न्हाई."

त्याच्या तोंडून "शालू, मला..." एवढं निघालं तोच ती म्हणाली, "माफी नको मागू. गाडी एम्बसीला घे."

त्यानं घेतली. रस्ताभर तिला धीर द्यावा असं त्याला वाटत होतं, पण त्याच्याकडे धीर द्यायचे जे शब्द होते ते त्यानं लंडनमध्येच वापरून टाकले होते. भारतीय एम्बसीच्या दारात ती उतरली. "मी थांबू का?" त्यानं विचारलं. "नको. तू जा," ती म्हणाली आणि रांगेत जाऊन उभी राहिली. हातात पर्ससुद्धा नव्हती.

घरी मॅडमनं विचारलं, शालू कुठंय? "मी एम्बसीला सोडलं," त्यानं सांगितलं. असंच उत्तर त्याला जुलैत, लंडनमध्येही देता आलं असतं. त्याच आठवड्यात त्याला खोली रिकामी करायला सांगितलं. नोकरी बदलायचे कागद मीच भरले, आता तो हमद पोर्टवरून कंटेनरचा ट्रेलर चालवतो. शालूला पासपोर्ट परत मिळवायला एम्बसीला पाच आठवडे लागले. ती जालन्याला पोहोचली हे त्याला बायकोकडून कळलं. शालूनं त्याला कळवलं नाही.

ऑक्टोबरात त्या बिशपनी तोच प्रश्न पुन्हा विचारला. या वेळी त्यांनी शांतवनचं पत्र वाचून दाखवलं, नावं गाळून. मंत्री बदलले होते, उत्तर थोडं मवाळ झालं होतं, नियम होता तिथंच होता. पण दोहाच्या मराठी मंडळीत बातमी फुटली की आपल्या माणसाचं पत्र लंडनच्या संसदेत वाचलं गेलं. पाळकांनी त्याला उपासनेत साक्ष द्यायला, म्हणजे आपला अनुभव सांगायला, पुढे बोलावलं. लोक रेकॉर्ड करायला फोन उंचावून बसले.

त्यानं पत्राबद्दल काही सांगितलंच नाही. चर्चच्या बाकावर बसलेल्या शालूला तो काय काय खोटं बोलला, ते एकेक वाक्य त्यानं सगळ्यांपुढे म्हटलं. एकेक करत फोन खाली गेले. मंडळीत निम्म्या बाया घरकाम करणाऱ्या. पाळकांनी घाईघाईनं पुढच्या गीताचा नंबर सांगितला.

बाहेर चहाच्या टेबलाजवळ त्याच्याभोवती जागा मोकळी राहिली. मुक्ताबाई तेवढ्या आल्या. साठीच्या, एका घरी स्वयंपाक करतात. त्यांनी त्याच्या हातात कप दिला.

"तुझ्या गाडीत मी कधी बसणार नाही," त्या म्हणाल्या. "पण पुढच्या शुक्रवारी ये."

हे सगळं त्यानं त्या संध्याकाळी मला सांगितलं. मी विचारलं, जाणार का? चर्चमधला तो कप कुणाला परत द्यायचा ते न सुचून तो तसाच घेऊन आला होता. "जावं लागंल," तो म्हणाला.