पाच टक्क्यांचा पट्टा

कापसाच्या पडत्या वर्षांत लोहाऱ्याच्या औद्योगिक वसाहतीतल्या, कापसातून सरकी काढणाऱ्या जिनिंग अर्ध्या हंगामातच बंद पडू लागल्या होत्या. पूर्वी त्या आमच्या अभियांत्रिकी महाविद्यालयातून दरवर्षी चार-पाच जण घेत; आमच्या वर्षी कोणी विचारलेदेखील नाही. पुण्याच्या एका उपकरण कंपनीने तेवढे विभागप्रमुखांकडे नोकरीसाठी एक नाव मागितले होते. ते शेवटच्या वर्षाच्या प्रकल्पावरून ठरणार होते, आणि स्पर्धेत आम्ही दोघीच उरलो होतो : मी आणि माझी मैत्रीण.

मी यवतमाळातल्या नोकरदार घरातली. तिचे वडील लोहाऱ्याच्या एका जिनिंगमध्ये मेकॅनिक. त्यांनीच मालकाची परवानगी काढून, कापूस वाळवणाऱ्या यंत्रात आम्हा दोघींसाठी तापमापक बसवून दिला. दोघींचा विषय एकच : गरम हवेचे तापमान लवकर लक्ष्यावर आणून तिथे टिकवणारा नियंत्रक.

अशा नियंत्रकाचे विश्लेषण करणारे सॉफ्टवेअर विभागातल्या एकाच संगणकावर होते. आम्ही आळीपाळीने बसायचो. नियंत्रकाचे गणित दिले की ते प्रतिसादाचा आलेख काढी. तापमान चढते, लक्ष्याच्या वर जाते, मग सावकाश उतरून स्थिरावते. माउसची उजवी कळ दाबून मागितले की रेषेवर एक ठिपका उमटे : इथे स्थिरावले. मात्र स्थिरावणे म्हणजे काय, हे माणूस ठरवतो. लक्ष्याच्या दोन टक्के आत, असे सॉफ्टवेअर आपणहून धरते. पाच टक्के धरणेही मान्य आहे. मी पाच धरले, अहवालात तसे स्पष्ट लिहिले आणि सेटिंगच्या चौकटीत दोनचे पाच केले. माझा नियंत्रक अठ्ठ्याऐंशी सेकंदांत स्थिरावला. ते सेटिंग संगणक बंद केल्यावरही तसेच राहते आणि पुढे बसणाऱ्यालाही लागू होते, हे मला ठाऊक होते. पूर्ववत करण्याचे मात्र राहून गेले.

दुसऱ्या दिवशी संगणकावर बसलेली मैत्रीण ओरडलीच.

"ये ना इकडं, पाह्य! अठ्ठ्याहत्तर! मले तर वाटलं, शंभराच्या वर जाईन."

"दोन टक्क्यांचे?"

"मंग काय! हे आपोआप दोनच धरते ना."

काय झाले आहे ते मला तत्क्षणी कळले. आणखीही एक गोष्ट कळली. मोजपट्टी एकच असताना तिचा नियंत्रक माझ्यापेक्षा दहा सेकंदांनी सरस होता. मी बोलले असते, तर तिने अहवालातल्या एका ओळीत दोनचे पाच टक्के केले असते आणि ती पुण्याला गेली असती.

"रेघ पिवळी ठेवू नकोस," मी म्हणाले. "छापल्यावर दिसत नाही."

"तूच करून दे ना. तुले चांगलं जमते."

मी रेघ निळी केली, जाड केली, मागे जाळी आणली, उभा अक्ष लक्ष्याच्या आसपास ताणला. आता लहानशी चूकही लांबून दिसली असती.

तोंडी परीक्षेला आम्ही एकाच बाकावर होतो. बाहेरगावाहून आलेल्या परीक्षकांनी तिचा आलेख पुढे ओढला, पट्टी ठेवली आणि लक्ष्याच्या वर-खाली दोन टक्क्यांवर पेन्सिलीने दोन रेघा मारल्या.

"ठिपका या पट्ट्याच्या बाहेर कसा? हाताने चिकटवलात काय?"

"नाही सर, सॉफ्टवेअरच मांडते."

"म्हणजे सॉफ्टवेअर खोटं आणि तुम्ही खऱ्या!" त्यांनी अहवालाचे ऋणनिर्देशाचे पान उघडले. "वडील मेकॅनिक आहेत वाटतं. बाई, पाना फिरवून नट बसतो, आकडा नाही बसत."

आमचे मार्गदर्शक हसले. मीही हसले.

संगणकावर दाखवते, असे ती पुन्हा पुन्हा म्हणत राहिली, तेव्हा मार्गदर्शकांनी जेवणानंतर पाहू म्हटले. त्या अर्ध्या तासात मी प्रयोगशाळेत जाऊन पाचचे दोन केले. नंतर सर्वांसमोर तिने आलेख काढला. ठिपका एकशे चौतीस सेकंदांवर उमटला.

"बघा," परीक्षक म्हणाले, "हात लावला नाही की मशीन बरोबर सांगतं."

ती माझ्याकडे वळली. "त्या दिवशी तूनं पाह्यलं होतं ना? सांग ना सरले."

"मी फक्त रेघेचा रंग बदलून दिला, सर," मी म्हणाले. वाक्य अक्षरशः खरे होते.

पुण्याला नाव माझे गेले.

संध्याकाळी ती म्हणाली, "अब्बाले मी नाही सांगू शकत. तू चल." मी गेले. त्यांचे घर जिनिंगच्या मागेच होते. ते हाताचे ग्रीस पुसत बाहेर आले आणि दोघींची तोंडे पाहून आधी मलाच विचारले.

"तुयं झालं ना, बेटा?"

"हो, काका."

"चला, एकीचं तरी झालं. हिचं काहून नाही झालं? तापमापक गडबडला काय? मीच लावला होता तो."

तापमापक उत्तम होता. मी तसे सांगितले. मग, त्यांना समजेल अशा भाषेत, तुमच्या मुलीने आकडा न तपासता लिहिला, असेही सांगितले. त्यांनी तिच्याकडे पाहिले. ती खाली पाहत होती. चूक आपलीच, हे तिला एव्हाना पटले होते. परीक्षकांसमोर माझे नाव घेऊन साक्ष मागितली, हेही तिने सांगून टाकले.

"माफी माग इची," ते तिला म्हणाले. "साऱ्यांसमोर इचं नाव घेतलं म्हणते तू."

तिने मागितली. मी, असू दे, म्हणाले.