उभ्या विमानाची बॅटरी

नवऱ्याच्या हृदयाचं ऑपरेशन झालं आणि डॉक्टरांनी त्यांना विमान चालवायला बंदी केली. त्यांचं दोन माणसांचं छोटं विमान हडपसरच्या हँगरमध्ये नुसतं उभं राहिलं.

"बॅटरी उतरू देऊ नकोस," ते म्हणाले.

"अहो, पण उडवणार कोण आहे?"

"ते नंतर बघू."

मग मीच कोथरूडहून स्कूटरवर जाऊ लागले. ते फोनवर सांगायचे, "आधी काळी वायर काढ, मग लाल." बॅटरीच्या टोकांवर पांढरी पूड साचली होती, ती मी खायच्या सोड्याच्या पाण्याने पुसून काढली. चार्जर लावून मी तिथेच वाचत बसायचे. हळूहळू मला ती शांत जागा आवडू लागली.

बंदी काही उठली नाही. शेवटी त्यांनी विमान एका तरुण वैमानिक मुलीला विकलं. ती न्यायला आली तेव्हा आम्ही दोघंही गेलो. तिने बटण दाबलं आणि पंखा पहिल्याच झटक्यात फिरला.

"बॅटरी छान ठेवलीय काका!" ती ओरडून म्हणाली.

"मी नाही, हिने!"

चारचौघांत त्यांनी माझं कौतुक प्रथमच केलं. विमान वर गेलं, दिसेनासं झालं. ते रडतील अशी मला धास्ती होती.

"चल, भूक लागली," ते म्हणाले.