किन्नौरला जाऊन आलेला दोर

किन्नौरच्या सहलीची आमच्याकडे दोन वर्षे तयारी चालली होती, आणि निघायच्या सकाळी मोठ्या सुटकेसची चेन तुटली. मृणाल बाल्कनीत गेली (या बाईंनी माझ्याशी संसार केला आहे, त्यामुळे संकटात डोके शांत ठेवायचा त्यांना सराव आहे), कठड्याचा निळा नायलॉनचा दोर सोडून आणला आणि सुटकेस करकचून बांधली. "मिटला प्रश्न," ती म्हणाली. टॅक्सी खाली उभी होती. मलाही वाटले, मिटला.

तुम्ही जाणार असाल तर कामाचे आधी सांगतो. चंडीगडपर्यंत विमान, पुढे छोटी गाडी. सिमल्यात एकच रात्र पुरे. सराहन, सांगला, छितकुल आणि शेवटी कल्पा असा क्रम ठेवा, घाई करू नका. कल्प्याला थोडे जास्त मोजावे लागले तरी पूर्वेची खिडकी मागून घ्या. संध्याकाळी समोरच्या बर्फावर तांबूस ऊन चढत जाते. मी चोवीस वर्षे शाळेत संस्कृत शिकवतो, विशेषणांचा मला तुटवडा नाही. तिथे मात्र तोंडातून "अरे बापरे" एवढेच निघाले.

राजमा-भात सगळीकडे उत्तम. चौथ्या दिवशीही उत्तम. सातव्या दिवशी छितकुलला ताटाकडे बघत मी म्हणालो, "आत्ता पडवळ असतं तर..."

मृणालने चमचा खाली ठेवला. "मागच्या आठवड्यात आग्नेसमावशींनी पडवळ दिलं, तर काय म्हणालास? माणसांनी खायची भाजी संपली का?"

आग्नेसमावशी जवळच्या वटार गावाहून रोज आमच्याकडे विरारला येत. सकाळी साडेसहाला इमारतीखाली "भाजीऽऽ" अशी हाक. आम्ही तिसऱ्या मजल्यावर. बाल्कनीतून दोराने पिशवी खाली सोडायची. मावशी वाडीत जे निघाले असेल ते त्यांच्या मर्जीने भरणार. पिशवी वर असली तर आज नको. आणि दोरच सोडून घेतला, तर भाजी कायमची बंद. हे कोणी ठरवले नव्हते. एकेक घर फोनवरून भाजी मागवू लागले, तोंडावर सांगायचा संकोच, म्हणून दोर गुपचूप आत जात गेले. एके काळी इमारतीला अकरा दोर होते. आता आमचा एकच.

सहलीला निघताना आम्ही दूधवाल्याला सांगितले, पेपरवाल्याला सांगितले, आणि व्हॉट्सॲपवर तर ज्यांना काडीचेही कुतूहल नव्हते त्यांनाही सांगितले. मावशींना सांगायचे राहिले.

परतल्यावर दोन दिवस हाक आली नाही. खरे सांगतो, मी आठपर्यंत मजेत झोपलो. तिसऱ्या दिवशी वॉचमनला विचारले. तो म्हणाला, "आती थी सर, आपके जाने के बाद पाँच-छह दिन. ऊपर देखती थी, फिर चली जाती थी."

मी वर पाहिले. कठडा मोकळा होता.

म्हणून रविवारी वटारचा प्रवास. तोही लिहून ठेवा: विरार पश्चिमेहून आगाशीपर्यंत बस, पुढे रिक्षा. केळीच्या बागा, विहिरी, रस्त्याकडेचे क्रूस. मावशींकडून भाजी घेतल्याच्या एकोणीस वर्षांत मी हा पाऊण तासाचा रस्ता पाहिला नव्हता, आणि मावशींचे आडनावही विचारले नव्हते.

"आग्नेस? कुठली? इथं चार आहेत," रिक्षावाला म्हणाला.

"भाजी विकणाऱ्या."

"त्या दोन."

"विरारला जातात त्या."

"हां, जायच्या त्या," तो म्हणाला, आणि वळला.

मावशी ओट्यावर वाल सोलत होत्या. मला पाहून उठायला लागल्या, गुडघा धरून पुन्हा बसल्या. "सर! इतक्या लांब? घरी सगळी बरी ना?"

"तुम्ही यायच्या थांबलात, मावशी."

"दोर न्हवता ना." आवाजात राग नव्हता, तेच वाईट. "पोरगा कधीचा सांगतो, बस कर आता. मी म्हनायची, सरांचा दोर हाय तोवर जाईन. मग वाटलं, त्या दिवशी पडवळ दिलं, तुमाला न्हाय आवडलं."

मी गावाला गेलो होतो, एवढेच सांगू शकलो. पुरावा म्हणून मोबाइल पुढे केला. मावशींनी छितकुलची नदी पाहिली, कल्प्याचा बर्फ पाहिला, चेहऱ्यावर काही उमटले नाही. मग हॉटेलच्या दारातला सुटकेससकट आमचा फोटो आला आणि त्यांनी बोट टेकवले. "अगं बाई! हा तर आपला दोर!" त्या डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसल्या. "मी इथं खाली उभी ऱ्हाऊन बघते, आनि हा तिथं थंडी खातोय!"

मीही हसलो. मग म्हणालो, "उद्यापासून बांधतो. याल?"

त्या वाल सोलत राहिल्या. "न्हाय सर. टोपली सुनेनं माळ्यावर टाकली. सवय मोडली की पाय ऐकत न्हाय. माल आता टेंपोवाला घेऊन जातो." मग निघताना वाल आणि एक लांबलचक पडवळ कागदात बांधून दिले. "हे खावा हां. तोंड न्हाय वाकडं करायचं."

कृतज्ञ म्हणजे केलेले जाणणारा. हा अर्थ मी दरवर्षी मुलांना फळ्यावर लिहून देतो, पाठ करून घेतो, चुकले तर गुण कापतो.

किन्नौरचे आठशे फोटो आहेत. मावशींचा एकही नाही. संध्याकाळी पडवळाची भाजी झाली, आम्ही दोघांनी तोंड वाकडे न करता खाल्ली. मग मृणालने सुटकेसचा दोर सोडून कठड्याला पुन्हा बांधला. त्याच्या खालच्या टोकाकडे एक गाठ आहे. मावशींची उंची बेताची, हात पोचेना, म्हणून फार पूर्वी त्यांनीच दोर वाढवून घेतला होता. तेव्हाच खाली घेतलेली ही पिशवी अडकवायची गाठ. दुसऱ्या दिवशी मला साडेसहाला आपोआप जाग आली. खाली वाकून पाहिले. गाठ बरोबर त्यांच्या हाताच्या उंचीवर होती.