नगरच्या चर्चमध्ये भेटलेली बाई

हे मी नवऱ्यालाही सांगितलेलं नाही. तुम्हाला का सांगते आहे — ते मलाही नीट कळत नाही.

माझं माहेर श्रीरामपूरचं, ख्रिस्ती. लग्न पुण्यातल्या ब्राह्मण घरात, नोंदणी पद्धतीने झालं. सासूबाईंना मी सांगितलं, आईवडील लहानपणीच गेले, मामांनी वाढवलं. वडील खरंच गेले होते. आई होती. नवऱ्याला माहीत होतं. त्यालाही ते सोयीचं वाटलं. आईला मी फोनवर तसं सांगूनही टाकलं. "बरं," म्हणाली. एवढंच.

मुलगी पाच वर्षांची असेल. सासूबाई, ती आणि मी शिर्डीला निघालो होतो. वाटेत नगरला थांबलो. सासूबाईंना जुन्या इमारतींची हौस — भर गावातलं ते इंग्रजांच्या काळातलं दगडी चर्च बघूया म्हणाल्या. नको म्हणायला मी काय कारण देणार होते?

आत गार होतं. भिंतीवर कुणाकुणा साहेबांच्या नावाच्या संगमरवरी पाट्या. सासूबाई त्या वाचत पुढे गेल्या. आणि पुढच्या बाकावर — आई. डोळे दाखवायला नगरला आली होती, हे मला नंतर कळलं. एका डोळ्यावर हिरवी पट्टी होती. दुसऱ्याने तिने मला पाहिलं. मग सासूबाईंना. मग माझ्या मुलीला, जिला तिने कधीच पाहिलं नव्हतं.

तिने मला हाक मारली नाही. सरकून बसली आणि सासूबाईंना म्हणाली, "बसा ना ताई. लांबून आल्या जनू तुमी."

सासूबाई बसल्या. पुण्याहून आलो, ही सून, ही नात, असं सांगू लागल्या. आई मुलीकडे बघत राहिली. "लई गोड हाय," म्हणाली, आणि हात पुढे केला — गालाला लावायला, दुसरं काय?

इथे थांबावंसं वाटतं. इथपर्यंत मी नुसती भित्री होते.

मुलगी आपणहून तिच्याकडे झुकली होती. मी दंड धरून तिला मागे ओढलं. "कुणालाही हात लावू द्यायचा नाही, किती वेळा सांगितलंय?" मोठ्याने म्हटलं. सासूबाई ओशाळल्या, ही जरा फटकळ आहे म्हणाल्या.

"न्हाई," आई म्हणाली, "बरोबर हाय त्यांचं."

त्यांचं. मला.

पुढे शिर्डीला मी रांगेत उभी राहिले, प्रसाद घेतला, पोटभर जेवले.

त्याच हिवाळ्यात मामेभावाचा फोन आला, आई गेली म्हणून. कुणाचा फोन, सासूबाईंनी विचारलं. चुकून लागला, म्हटलं, आणि पोळ्या लाटत राहिले. मातीला गेले नाही.

आता सासूबाईही नाहीत. घाबरावं असं कुणी उरलेलं नाही. तरी मुलीला मी अजून सांगितलेलं नाही की तिला आणखी एक आजी होती.