देठ हुंगणारा आंबेवाला

चित्रा, फोन जवळ धर आणि मावशीचं नीट ऐक. दिल्लीत बसून लखनौच्या एवढ्या मोठ्या राजकीय ग्रुपची तू अ‍ॅडमिन, आणि खातरजमा न करता काहीही राहू देतेस?

आमच्या गल्लीत रोज येणारा आंबेवाला तो. नाव मी कधी विचारलं नाही. मलिहाबादचा दशहरी देण्याआधी प्रत्येक आंब्याचा देठ नाकाशी नेतो, डोळे मिटून हुंगतो, कच्चा वाटला तर बाजूला ठेवतो. कुणीतरी पाठीमागून तेवढाच व्हिडिओ काढून तुझ्या ग्रुपवर टाकला आणि खाली लिहिलं, 'हे लोक आंब्यांवर थुंकतात, आणि पुढारी यांच्या बाजूने मतं मागतात!' पुढे शिव्याच शिव्या. माझ्या अंगाची नुसती लाही लाही झाली. हे खोटं आहे म्हणून तुला कळवलं, तर तू म्हणालीस, "मौसी, डिबेट चल रही है, चलने दो." डिबेट कसली गं? त्याचं गल्लीतलं गिऱ्हाईक तुटलं!

काल तोंडाला फडकं बांधून आला. न हुंगताच आंबे तोलले. मी कारण विचारलं, तर म्हणाला, "अम्मा, देखा सबने, पूछने कोई नहीं आया."

घरी कापले, तर निम्मे आंबट.

तो व्हिडिओ आत्ता काढ. आणि दशहरी संपायच्या आत ये गं इकडे, त्याला विचारायला.