दुसऱ्या डोसाच्या वनमालाताई

वनमालाताई गेल्याचं मला फ्लेक्सवरून कळलं. आठवडाभर गावाला होतो. परतलो, बसमधून उतरलो, तर चौकात हा भला मोठा फलक. वर काळी पट्टी, मधोमध आमच्या भागातले पुढारी, भाऊ, हात जोडून उभे, आणि खाली कोपऱ्यात, रेशनकार्डाला चिकटवतात तेवढा, ताईंचा फोटो. आधी वाटलं, भाऊच गेले. ते गेलेले नाहीत, हे वाचून झाल्यावर जी निराशा झाली तिची मला अजूनही लाज वाटत नाही. मग ताईंचं नाव दिसलं आणि फलकाचा बांबू धरून तिथेच उभा राहिलो... पक्षाघाताचा झटका आला आणि दवाखान्यात नेईपर्यंतच सगळं संपलं, असं पानवाल्यानं सांगितलं.

ताई आमच्या कॉलेजात सूक्ष्मजीवशास्त्र शिकवायच्या, मी रसायनशास्त्र. लग्न केलं नव्हतं. भावाच्या मळ्यात राहायच्या. सकाळी झेंडू खुडून, भाजी मार्केटला रवाना करून मग लेक्चरला यायच्या, नखांत माती तशीच. बी-पेशी, म्हणजे रोगाशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशींतली एक जात, हा त्यांचा लाडका विषय. स्टाफरूममध्ये चहा गार होईपर्यंत सांगायच्या. रक्तात या पेशी असंख्य, प्रत्येकीच्या अंगावरचा पकडायचा आकडा वेगळ्या घडणीचा. रोगजंतूचा एखादा तुकडा ज्या आकड्यात नेमका बसतो, ती पेशी तो आत ओढते, त्याचे बारीक तुकडे करते आणि एक तुकडा अंगावर मिरवत थांबते. “थांबते, सर. हे महत्त्वाचं,” ताई बोट उचलायच्या. मदतनीस टी-पेशी येऊन तो तुकडा ओळखते, होकार देते, तेव्हा कुठे ही पुढे सरकते. होकार मिळाला नाही तर बहुतेक वेळा गप्प पडते, मरते. “पेशीला जेवढा पोच आहे तेवढा आपल्या माणसांना असता तर!” असं म्हणून त्या गार चहा एका घोटात संपवायच्या.

नव्वदच्या दशकाच्या शेवटी भाऊंचा वाढदिवस आला आणि रक्तातून पसरणाऱ्या काविळीच्या लशीचं मोफत शिबिर लागलं. मळेकऱ्यांची पोरं रांगेत, भाऊ प्रत्येक पोराच्या दंडाशी वाकून कॅमेऱ्याकडे बघत. संध्याकाळी मैदानावर रक्ताचे बोळे, उघड्या सुया, आणि त्यांना खेटूनच बटाटेवड्याचे द्रोण, दोन्हींवर त्याच माश्या. ताईंनी चिमट्यानं एकेक सुई वेचून डब्यात टाकली. भाऊंचा एकही माणूस वाकला नाही.

लशीचे डोस तीन. महिना उलटला, दुसऱ्याचं नाव नाही. ताई मला घेऊन भाऊंच्या बंगल्यावर गेल्या. भाऊ दात कोरत बसले होते.

“मॅडम, एक दिला ना? पेपरात फोटो आला. नसल्यापेक्षा बरं.”

“भाऊ, पहिल्या डोसानं पेशी नुसत्या जाग्या होतात,” ताई शांतपणे म्हणाल्या. “मग त्या वाढतात, थोड्या थोड्या बदलत जातात. ज्यांची पकड घट्ट त्या टिकतात, ढिल्या मरतात. आपण मुळ्याची विरळणी करतो ना, तशी. त्यातल्याच काही आठवण धरून बसतात. दुसरा, तिसरा डोस मिळाला तर ती फौज पक्की होते. नाहीतर पोरं अर्ध्यावर, आणि आयांना वाटतंय, झालं काम.”

“मुळा काय, पेशी काय...” भाऊ हसले. काडी त्यांनी आमच्या पायाशी टाकली. इतका ओंगळ माणूस मी जवळून पाहिला नव्हता.

शेवटी ताईंनी ओळखीच्या डॉक्टरांकडून लस मिळवली आणि एका नर्सबाईंना गाडीवर मागे बसवून मळोमळ हिंडल्या. “एक सुई टोचली ना बाई, परत कशाला? पोरगं लय रडतंय,” असं बाया म्हणायच्या. ताई बांधावर बसून पुन्हा पहिल्यापासून सगळं सांगायच्या. न कंटाळता. आमच्यातल्या शिकल्यासवरल्यांनी मात्र त्यांचं नाव ‘दुसरा डोस’ पाडलं आणि त्या आल्या की डोळे मिचकावले. त्यांतलेच एकजण परवा शोकसभेत रुमाल डोळ्यांना लावून बोलले. मला उबग आला.

सभेच्या शेवटी भाऊ उठले. ताईंच्या स्मरणार्थ लसीकरण शिबिर, म्हणाले, इथेच, आत्ता. पडदा सरला तर मागे टेबल, नर्स, फोटोग्राफर, आणि पोरांची रांग आधीच उभी. मी जागेवरून विचारलं, “दुसरा डोस कधी?”

“सर, दुःखाचा दिवस आहे. आज राजकारण नको,” भाऊ माइकवरून म्हणाले आणि लोकांनी माना डोलावल्या. मेलेल्या बाईच्या नावावर असली घाण करताना कुणाला शिसारी येऊ नये? मी रांगेपाशी गेलो. प्रत्येक पोराचं नाव नि मळा त्याच्या आईला विचारून लिहून घेतला. भाऊंचा माणूस म्हणाला, “सर, फोटोत आडवे येताय.” मी सरकलो नाही.

तिथून मळ्यातल्या घरी गेलो. ताईंच्या भावजय फ्रीज आवरत होत्या. फ्रीजरमध्ये दुसरं काहीच मावत नव्हतं. लशीच्या पेटीत घालायचे बर्फाचे पॅक ताईंनी एकावर एक रचून ठेवलेले, गोठून दगड झालेले.

“हे काढून टाकू का सर? पोरं कधीची कुल्फी लावायची म्हणतात. आता कोण नेणार हाय हे?”

मी दार लावून घेतलं. म्हणालो, “राहू द्या वहिनी. महिन्यानं मी न्यायला येतो.”